माझा संदेश, वर्षा कंडक्टरचा आवाज

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. यवतमाळ, दवाखाना

व्यासपीठावर उभं राहणाऱ्या माझ्या बंधूंनो! आपलं दुःख एकच आहे आणि ते आपण एकमेकांनाही सांगत नाही. घसा आपण कोरडा करायचा आणि वाहवा दुसऱ्यानं घ्यायची. नांगर आपण धरायचा, खळं दुसऱ्याचं भरायचं. चाळीस वर्षं गरजावं, आणि मंडळीनं देवळाच्या पायऱ्या उतरताना म्हणावं, "आज गाणं छान झालं." कोण सहन करील?

हे तुम्हाला वहीतून सांगतोय, कारण तोंडाला कुलूप आहे. स्वरतंतूवरची गाठ आज सकाळी काढली. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे एक शब्द नाही. मी कुजबुजून काही विचारायला गेलो तर त्यांनी हात वर केला. "कुजबुज त्याहून वाईट, गुरुजी. खोकला आला तरी हळू खोका."

विमल शेजारी बसून मोसंबी सोलत होती. म्हणाली, "तीन आठवडेच काय जी? वाढवता येतीन का थोडेसे?"

नर्स हसली, डॉक्टर हसले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण ही बाई माझ्या एका वाक्याला कधी हसली नाही. स्वतःच्या वाक्यांवर मात्र दुनिया हसवते.

राळेगावचा देवराव गुरुजी गप्प! माईक बंद पडला तरी ज्याचा आवाज मेळाव्याच्या मंडपातून थेट बसस्टँडवर जायचा, तो आता पाटीवर 'पाणी' लिहून दाखवतो.

५ जानेवारी, रविवार. राळेगाव

सालातला सगळ्यांत मोठा प्रसंग म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीचा मेळावा. यंदा सहा ते नऊ फेब्रुवारी. कळंब, बाभुळगाव, थेट वणीपासून लोक येतात. शेवटच्या संध्याकाळचा संदेश एकोणीस वर्षं माझा आहे. त्याआधीच्या रविवारचे तयारीचे संदेशही माझेच. यंदाचा विषय मीच सुचवला: कठीण दिवसांत फळ देणारं जीवन. पवित्र आत्म्याची नऊ फळं, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत, आणि ती सुखात नव्हे तर संकटात कशी पिकतात, हे मी ग्रीक शब्दांच्या मुळापासून सोडवून लिहिलं आहे. दोन महिने लागले. आणि आता वाचायला तोंड नाही.

आज उपासनेआधी आमचे तरुण पाळक इंद्रजित म्हणाले, "गुरुजी, एवढे लिहिलेले संदेश वाया कशाला घालवायचे? कोणीतरी वाचेल."

मी पाटीवर लिहिलं: तुम्ही वाचा.

त्यांनी कागद घेतले. सरळ धरले, तिरपे धरले, खिडकीजवळ नेले. "गुरुजी, क्षमा करा. मला पहिली ओळसुद्धा लागत नाही."

माझं अक्षर वाईट आहे हे मला मान्य आहे. विचार जलद धावतात, हात मागे राहतो. कागद मंडळीच्या वडीलधाऱ्यांच्या बाकावर फिरले, तरुण संघाकडे गेले, परत आले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मले लागते जी. सातवीत गुरुजीनं माया वहीत इतके शेरे मारले, पाठ झालं त्यायचं अक्षर."

वर्षा. राळेगाव डेपोची कंडक्टर. पुढे ड्युटी होती म्हणून खाकी घालूनच आलेली.

तिनं वाचलं. चढ नाही, उतार नाही. तिकिटांचे दर वाचावेत तसं. मी समासात माझ्यासाठी खुणा केलेल्या असतात: इथे थांबणे, इथे आवाज चढवणे. एका ठिकाणी तिनं वाचलं, "आणि प्रभू त्या अश्रूंना विसरत नाही, इथे रुमाल काढणे."

देऊळभर हशा. ती थांबली, कागद जवळ घेतला, म्हणाली, "माफ करा, हे गुरुजीसाठी हाय," आणि पुढे वाचू लागली.

एवढं हसं झाल्यावर संदेश मेला असंच मी धरून चाललो होतो. पण पुढच्या पाच मिनिटांत विजयमालाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. बंधूंनो, ही म्हातारी एकोणीस वर्षं माझ्या संदेशात झोपत आली आहे. आज जागी होती. शेवटी वर्षानं दोन पानं सोडून दिली. ग्रीक असलेलीच.

बाहेर मी पाटी पुढे केली: दोन पानं?

"बस होती ना जी साडेअकराची," ती म्हणाली आणि पळाली.

अकरा बायकांनी तिचा हात हातात घेतला. मी मोजल्या.

९ जानेवारी, गुरुवार

बाबुलाल आला होता. हा तांड्यावरचा शेतकरी, आमच्या देवळामागे त्याचं तुरीचं शेत. देवधर्म त्याचा वेगळा, पण गुरुजी सल्ला देतात म्हणून अधूनमधून येऊन बसतो. सख्ख्या भावाशी, राजकुमारशी, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या बाभळीवरून तीन वर्षं बोलणं बंद आहे. दर वेळी मी त्याला क्षमेवर अर्धा तास सांगतो. दर वेळी तो मान हलवतो, घरी जाऊन पुन्हा भांडतो.

आज तोच बोलत होता. आधी बाभळीचं. मग बाप मेला तेव्हाचं. मग लहानपणी दोघं एका सायकलवर शाळेत जायचे त्याचं. मला सांगण्यासारखं खूप होतं, पण पेन्सिल सापडत नव्हती. नंतर कळलं, विमलनं ती किराणा लिहायला नेली होती. तासभर मी नुसता त्याच्या तोंडाकडे पाहत बसलो.

उठताना त्यानं माझे दोन्ही हात धरले. "गुरुजी, आज लय चांगलं सांगतलं तुम्ही."

मी काही सांगितलं नव्हतं! या माणसाला ऊन लागलं असावं. जानेवारीत.

१२ जानेवारी, रविवार

सहनशीलतेवरचा संदेश. आज तिनं पानं सोडली नाहीत, त्याहून मोठा गुन्हा केला. मध्येच कागद खाली घेऊन स्वतःचं घुसडलं.

"हे गुरुजीनं लिहिलं नाई, मी सांगून राह्यली," ती म्हणाली. "परवा एक आजीबाई बसमधी चढली. तिकीट घेतलं, मंग इचारते, ही गाडी दवाखान्यात जाते का? मी म्हणलं, हो. पाच मिनिटानं पुन्हा इचारते. यवतमाळ येईपर्यंत बारा डाव इचारलं. सातव्या डावाले मी चिडणार होती. मंग पाह्यलं, तिच्या हातात लेकाचं एक्सरेचं पाकीट होतं. तिले गाडीचं नव्हतं इचारायचं. तिले कोनाशी तरी बोलायचं होतं. मंग बाकीचे पाच डाव मी आनंदानं सांगतलं."

बास. एवढंच. ना संदर्भ, ना मूळ शब्द. आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे वाकून ऐकत होती!

घरी जेवताना विमल म्हणाली, "एक सांगू का? रागवान नका. मले तुमचा संदेश आज पयल्यांदा समजला."

मी ताट सरकवलं. तिनं ते परत सरकवलं. "जेवा. गप राहून राग कराले ताकद लागते."

१३ जानेवारी, सोमवार

मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी वर्षाचं वाचन टाकलं आहे. एकसष्ट अंगठे. माझ्या नाताळच्या संदेशाला चौदा होते. त्यातले दोन माझेच, जुन्या फोनवरून आणि नव्या फोनवरून.

लिहूनच टाकतो. मला तिचा हेवा वाटतो. पोटात जळतं, ते ऑपरेशनचं नव्हे. नऊ फळांवर नऊ संदेश लिहिणाऱ्या माणसाच्या आत या क्षणी दहावंच काहीतरी पिकतंय, आणि ते कडू आहे. मी प्रार्थना केली. प्रार्थनेत मी प्रभूला विचारलं, त्या ग्रीक पानांत काय वाईट होतं?

१५ जानेवारी, बुधवार

बबिता येऊन बसली. अंगणवाडीत मदतनीस आहे, आमच्याच मंडळीतली. सासू वर्षभर अंथरुणाला. तिचं सगळं बबिताच करते. म्हणाली, "गुरुजी, मले प्रार्थना करता येत नाई आता. डोळे मिटले की झोप लागते. देव रागावन का?"

याच प्रश्नावर माझ्याकडे चाळीस मिनिटांचं उत्तर आहे. पाटीवर चाळीस मिनिटं मावत नाहीत. मी आत गेलो, माठातलं पाणी आणलं. ती प्यायली. मग रडली. मग तिनं सासूचं एकेक सांगितलं, काय खाते, काय फेकते, कोणत्या शिव्या देते. शिव्या सांगताना तिला हसू आलं. मलाही येणार होतं, आवरलं. संध्याकाळ होईस्तोवर बसली.

ओसरीचं बसस्टँड झालं आहे. बोलत होतो तेव्हा दर्जेदार माणसं यायची, प्रश्न विचारायची, उत्तर घेऊन जायची. आता जो येतो तो नुसता बसतो.

१६ जानेवारी, गुरुवार

बबिता पुन्हा. उद्याही येईन म्हणाली. मी बाजेवर गोधडी टाकून ठेवली, सुतळी टोचते म्हणून. माझ्या पाठीला नव्हे, मी खुर्चीवर बसतो.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज जे केलं ते वहीशिवाय कुठे सांगणार नाही.

परवाच्या रविवारचा सौम्यतेवरचा संदेश तयार होता. मी तो फाडला आणि नवा लिहिला. मुद्दाम अवघड. एक वाक्य चौदा ओळींचं केलं. 'तितिक्षेच्या अंतर्यामी निहित असलेल्या अनिर्वचनीय आत्मविगलनाची...' इथून ते सुरू होतं आणि कुठे संपतं हे मलाच दोनदा पाहावं लागलं. अक्षर नेहमीपेक्षा लहान काढलं.

अडखळू दे. लोकांना कळू दे की हे काम कुणाचं आहे.

१९ जानेवारी, रविवार

अडखळली. चौदा ओळींच्या वाक्याच्या तिसऱ्या ओळीत गाडी उभी राहिली. तिनं मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. मी पहिल्या बाकावर होतो. माझ्या छातीत आनंदाची जी उकळी फुटली तिचं वर्णन करत नाही.

मग ती सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "गुरुजी, हे मले नाई समजलं. समजल्याशिवाय कशी वाचू? लोकाले खोटं वाटन."

तिनं कागद माझ्यापुढे धरला. आख्खी मंडळी माझ्याकडे बघू लागली. पाटी मांडीवर होती, पेन्सिल खिशात होती. काय लिहिणार? त्या वाक्याला अर्थ नव्हता. मी नकाराची मान हलवली.

"मंग आपण इथंच थांबू," ती म्हणाली. "ज्याले आपल्या घरात सौम्य राहणं कठीण चाललंय त्यायनं आपापल्या जागी सांगा देवाले. मीबी सांगते."

आणि लोक बोलू लागले. हळू, आपापल्या जागी. बाप, लेकी, सुना. देवळात असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पाऊण तास चाललं. विजयमालाबाई बाहेर येताना पाळकांना म्हणाल्या, "असी प्रार्थना पंचवीस वर्सांत नाई झाली बापा."

बंधूंनो, काय म्हणू? मी खड्डा खणला, आणि तिला त्यात विहिरीचं पाणी लागलं!

मी देवळात एकटाच गप्प होतो. गप्प राहणं मला सक्तीचंच आहे म्हणा.

२४ जानेवारी, शुक्रवार. यवतमाळहून परत

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. जखम भरत आहे. आजपासून दिवसाला दहा मिनिटं, हळू आवाजात, घरातल्या घरात. "व्यासपीठ नाही, माईक नाही. मार्चमध्ये तपासू, मग ठरवू. आधीच ताण दिला तर गाठ परत येईल, गुरुजी, आणि मग आवाज गेला तर मी जबाबदार नाही."

बसमध्ये वर्षाच कंडक्टर होती. तिनं आम्हाला पुढची सीट मोकळी करून दिली. पाठीमागून तिचा आवाज येत होता, "सरका भाऊ पुढं, मागचीबी मानसंच हायेत." त्यावर गाडीभर हशा. मी काच उघडून बाहेर पाहिलं.

विमलनं विचारलं, "बोलाची परवानगी भेटली ना? मंग घरी गेल्यावर पयलं काय बोलसान?"

मी पाटीवर लिहिलं: रविवारी कळेल.

तिनं खिडकीकडे तोंड केलं. तिलाही वारा हवा असावा.

२६ जानेवारी, रविवार

तेवीस दिवसांनंतर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य असं: "पाळकसाहेब, डॉक्टरांनी मला मेळाव्याच्या संदेशाची परवानगी दिली आहे."

आवाज जाड आला, पण आला. इंद्रजित पाळकांनी मला मिठी मारली. "देवाची स्तुती असो! वर्षाताईंना सांगतो, मेळाव्यात वाचायचं म्हणून त्या तर घाबरूनच गेल्या होत्या."

विमल दोन पावलांवर उभी होती. तिनं ऐकलं. डॉक्टर काय म्हणाले होते तेही तिनं ऐकलं होतं. दुपारी वांग्याची भाजी केली, वाढली, आणि शेजारणीकडे जाऊन बसली.

पहिलं वाक्य खोटं निघालं याची मला खंत आहे. पण व्यासपीठ माझं आहे. एकोणीस वर्षं! हातचं पीक उभं असताना कोण शेत सोडतो?

३० जानेवारी, गुरुवार

वर्षा ड्युटी संपवून कागद परत द्यायला आली. शेवटच्या संध्याकाळचा संदेश तिच्याकडे वाचनासाठी गेला होता तो.

"बरं झालं जी, तुम्हीच बोलनार," ती म्हणाली. "मले तर जेवनच जात नव्हतं. अन त्या दिवशी ड्युटीबी बदलून भेटली नव्हती."

मी दहातलं एक मिनिट खर्च केलं. "तू बरं वाचलंस."

ती मोठ्यानं हसली. "गुरुजी, आठवते का? चौथीत नाताळाले मले वचन म्हनाचं होतं. तुम्ही म्हणलं, बाई, तुया आवाज बाजारातला हाय, तू मागं उभी राह्य. मी म्हणलं, बाजारातला त बाजारातला. झाली कंडक्टर! सरकारनं पगार देला त्या आवाजाचा."

विमल आतून म्हणाली, "शाबास वो पोरी!"

मला आठवत नाही. मी असं म्हणालो असेन.

ती गेल्यावर कागद पाहिले. प्रत्येक अवघड शब्दाखाली पेन्सिलीनं बारीक अर्थ. कुठे श्वास घ्यायचा तिथे टिंब. एका कोपऱ्यात: 'हे वाक्य लय सुंदर. घाई करायची नाई.' दुसरीकडे: 'वणीच्या हॉल्टवर दहादा वाचलं.' माझी खूण होती 'इथे टेबलावर मूठ आपटणे', तिच्यापुढे तिनं लिहिलं होतं, 'मी नाई आपटनार. गुरुजीले शोभते.'

माझ्या संदेशावर एवढी मेहनत आजवर कुणी केली नाही. मीसुद्धा. यानं बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे कागद आता माझे कमी आणि तिचे जास्त आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सरावाला दहा मिनिटं असतात आणि ती कोण ना कोण खातं. बबिताच्या सासूला वाटलं, गुरुजींनी येऊन एक स्तोत्र म्हणावं. गेलो. म्हातारीनं माझा हात सोडला नाही. चार मिनिटं गेली. येताना वाटेत बाबुलाल भेटला. "गुरुजी, तुम्ही सांगतलं तसं केलं. राजकुमारच्या घरी गेलतो. काई बोललो नाई, नुसता बसलो. त्यानंच चहा टाकला. बाभूळ राहू द्या म्हणते, दोघायच्या गाई बसतीन सावलीत."

मी त्याला असं काहीही सांगितलेलं नाही. पण समजावून सांगण्यात मिनिटं घालवणार नव्हतो. त्याला मेळाव्याचं आमंत्रण देण्यात एक गेलं.

सरावाला पाच उरली. पाच मिनिटांत प्रस्तावनाही होत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

हे सविस्तर लिहितो.

मंडपात सहाशेच्या वर माणूस. खाली अंथरलेल्या दऱ्या, सतरंज्या भरल्या, लोक कुंपणाला टेकून उभे. संदेशाआधी साक्षी होतात, ज्याला वाटेल त्यानं दोन शब्द बोलायचे. मी व्यासपीठावर खुर्चीत, कागद मांडीवर. दिवसभर एक शब्द उच्चारला नव्हता, दहाच्या दहा मिनिटं शिल्लक ठेवली होती. संदेशाच्या बाकीच्या तीस मिनिटांचं काय, याचा विचार मी केला नव्हता.

बबिता माईकपाशी आली. आजवर ती कधी बोलली नाही. पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "सासू पडली तवापासून मले लोकायनं लय सांगतलं. सेवा कर, फळ भेटन. मी म्हणो, मले फळ नाई पायजे, मले झोप पायजे." लोक हसले. "मंग मी गुरुजीच्या ओसरीवर गेली. गुरुजीनं मले काईच नाई सांगतलं. पाणी देलं. मी बोलली ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी गेली त बाजेवर गोधडी टाकेल होती माह्यासाठी. घरी गेली अन सासूनं शिवी देली, त मले राग नाई आला. पयल्यांदा. गुरुजीनं काई सांगतलं असतं त मी पुन्हा गेली नसती."

सहाशे माणसं माझ्याकडे पाहून हसत होती. प्रेमानं. आणि माझ्या अंगाची लाही झाली. कुणाचं कौतुक चाललं होतं हे? जो वक्ता मी चाळीस वर्षं पोसला, पुस्तकांची दोन कपाटं वाचून वाढवला, त्याचं नव्हे. या सव्वा महिन्यात माझ्या खुर्चीत येऊन बसलेल्या कुण्या मुक्याचं! त्यानं काय केलं? पाणी दिलं. गोधडी टाकली. एवढ्यात त्याला फळ लागलं, आणि माझं गरजणं वाळून गेलं? वर्षाचा हेवा मला समजत होता. आता मला त्या मुक्याचा हेवा वाटू लागला, आणि तो मीच होतो. यावर काय औषध?

पाळकांनी माझं नाव पुकारलं. विमल पहिल्या रांगेत होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, आपल्या हातांकडे पाहत होती.

मी माईकपाशी गेलो. "भावांनो आणि बहिणींनो." आवाज खरखरला. घशात सुई टोचल्यासारखं झालं. मंडपाच्या शेवटी, खांबाला टेकून, वर्षा उभी दिसली. खाकीतच, तिकिटाचं मशीन गळ्यात. ड्युटीवरून थेट आलेली. माझं पहिलं वाक्य अजून तोंडातून निघायचं होतं, आणि तिचे ओठ हलत होते. तिला ते पाठ होतं. माझ्याआधी ते तिच्या ओठावर होतं, आणि ती डोळे मिटून म्हणत होती, जसं माणूस आपल्या स्वतःच्या गोष्टी म्हणतो.

बंधूंनो, त्या क्षणी मला तिला मंडपातून हाकलून द्यावंसं वाटलं. हे खरं आहे. आणि त्याच क्षणी कळलं की हे वाक्य मी तिच्यासारखं कधी म्हटलेलंच नाही. मी ते नेहमी समोरच्यांसाठी म्हणत आलो.

मी म्हणालो, "डॉक्टरांची परवानगी नाही. मी पाळकसाहेबांशी खोटं बोललो. वर्षा, वर ये."

मागून तिचा बाजारातला आवाज, माईकशिवाय, "अवो गुरुजी, तोंडबी नाई धुतलं मी!"

"तशीच ये," मी म्हणालो. बाकीची मिनिटं मला नको होती.

ती आली. मी कागद तिच्या हातात दिले आणि खाली उतरलो. खुर्च्या भरलेल्या, म्हणून दरीवर बाबुलालशेजारी बसलो. तो वाकून म्हणाला, "हे तुमचंच लिहेल हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग एवढे चिडून काहून बसले?"

"ती वाचते आहे," मी म्हणालो.

"मंग ऐका की!"

ऐकलं. पाऊण तास. टेबलावर मूठ आपटायच्या जागी ती थांबली आणि तिनं नुसता हात टेबलावर ठेवला. मला वाटलं, हे मला का सुचलं नाही? पुढच्या पानावर पुन्हा तेच वाटलं. प्रत्येक पानावर वाटलं. हेवा शेवटच्या आमेनपर्यंत माझ्या मांडीवर बसून होता, आणि मी त्याला घेऊन ऐकत होतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पाळक आले. रागावले नाहीत. "मार्चपर्यंत तुम्ही व्यासपीठावर नको, गुरुजी. आणि त्यानंतरचं मंडळी ठरवेल." हे न्याय्य आहे. मी तसं पाटीवर लिहून दिलं.

ग्रुपवर दोनशे बारा अंगठे. मोजले. हेवा गेला, असं लिहिणार नाही, एक खोटं पुरे झालं. ओसरीवर तीन माणसं येऊन बसली आहेत, त्यात राजकुमार, बाबुलालचा भाऊ. याला कुणी बोलावलं कळत नाही. विमल म्हणते आणखी एक बाज लागेल. मी म्हणतो ओसरीला दार लावावं. ती शेजारून बाज आणायला गेली आहे, आणि मला आता उठून दुसऱ्या टोकाला धरावं लागेल.

त्याआधी तुम्हाला एक सांगून टाकतो, माझ्या व्यासपीठावरच्या बंधूंनो. ज्याच्या नावानं तुमच्या पोटात जळतं त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे, विचार करावा लागणार नाही. येत्या रविवारी तुमचा सगळ्यांत चांगला, लिहून तयार असलेला संदेश त्याच्या हातात द्या, आणि तो वाचून संपवेपर्यंत खाली दरीवर बसून राहा.